बेचाळीस नंबरचं कार्ड

दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी
मी कपाटातली कार्डं नव्याने लिहिते.
कॉलेज खाडीला लागून.
खारी हवा काचेआड शिरते, शाई खाते,
पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे तारेचे पाय गंजवते.

बेचाळीस नंबरला साळुंकी.
डोळ्यांच्या जागी काचेचे मणी होते,
त्यातला एक माझ्याच हातून
झाडताना घरंगळला, सापडला नाही.
तेव्हापासून ती बाजू भिंतीकडे.

नेरूरकर सर होते तेव्हा एकदा विचारलं,
हे इंग्रजी मला लागत कसं नाही?
म्हणाले, इंग्रजी नव्हे, लॅटिन. ती आता कुणी बोलत नाही.
मग लिहायची कशाला?
म्हणूनच. बोलणारं कुणी उरलं नाही
की शब्द जागचे हलत नाहीत.

अक्रिडोथेरिस ट्रिस्टिस.
पहिला शब्द : टोळ मारणारी.
हे पटलं. मळ्यात म्हशीच्या पायांमागून
चालते की ही, पाटलीणबाईसारखी,
उडालेला नाकतोडा वरच्यावर टिपते.
दुसरा शब्द : उदास.

मला हसूच फुटलं.
ही उदास?
सकाळी सहाला पन्हाळीत भांडण काढणारी,
कावळ्याच्या शेपटीला हिसडा देऊन
वर त्यालाच चार शब्द सुनावणारी?
सर चष्मा पुसत राहिले.
म्हणाले, ज्याने नाव ठेवलं
त्याच्यापर्यंत बहुतेक नुसतं कातडंच पोचलं असेल,
पेटीतून, बोटीतून, महिनोन् महिने.
रंग विटलेला. आवाज तर नाहीच.
जे दिसलं ते लिहिलं बिचाऱ्याने.

खाली कूळही लिहायचं असतं : स्टर्निडी.
कूळ म्हटलं की आमच्याकडे सातबारा.
हिचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही,
पन्हाळीचा ताबा मात्र सोडत नाही.

सोळा वर्षं झाली.
लाँच गेली त्यात माझा माणूस होता.
तीन दिवस मी पुळणीवर बसून होते.
कुणीतरी फोटो काढला, पेपरात आला.
फोटोखालच्या ओळीत माझं नाव नव्हतं.
'शोकाकुल पत्नी', एवढंच,
आणि गावाचं नाव, तेही चुकलेलं.

त्या फोटोच्या आधी मी होते, नंतरही आहे.
नळावर भांडते. बांगडा घासाघीस करून घेते.
जत्रेत दशावतार बघताना संकासुराला हसून हसून
माझ्या पोटात कळ आली होती, ते शेजारणीने पाहिलंय.
तरी बाजारातून चालले की मागून येतंच :
"ती बघ गे, तारी. बिचारी."
मेलेल्या भाषेतल्यासारखं,
जागचं न हललेलं.

या वर्षी तपासणीची कमिटी येणार,
नव्या मॅडमनी बजावलंय, स्पेलिंग चुकवू नका.
मी चुकवलं नाही.
एकेक अक्षर रांगोळीच्या ठिपक्यासारखं
मोजून ठेवलं. शेवटचा एस जरा वाकडा गेला
तो तसाच राहू दिला.
शाई वाळावी म्हणून खिडकी उघडी टाकली,
कपाटाचं दारही,
आणि चहा ठेवायला गेले.

परत आले तर टेबलावर पावलांचा आवाज.
डोळ्यामागची पिवळी कातडी, पिवळीच चोच,
आणि मान अशी तिरकी की मीच आगंतुक.
बेचाळीस नंबरच्या पोटाची शिवण
मागेच उसवली होती. तिथून
ती कापूस ओढत होती,
पाय रोवून, पूर्ण वजन मागे टाकून,
विहिरीचा दोर ओढावा तसा.

मी हाकलायला हवं होतं.
रजिस्टरला नोंद आहे, जबाबदारी माझी आहे.
कप हातात धरून उभी राहिले.

तोंडभर कापूस घेऊन ती उडाली,
पंखातला पांढरा पट्टा भक्कन उघडला,
आणि पन्हाळीतून लगेच आरडाओरडा सुरू,
कमी आणलास, की उशीर केलास, की आणखी काही.

कार्डावर शाई ओली होती.
तिच्या पावलाचा एक ठसा
दुसऱ्या शब्दावरून गेला होता.